पांगाऱ्याचा बिंडा

"हा बिंडा मी माझ्या हातानं तासणार न्हाई," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी वरच्या पायरीवरून कोयता माझ्या पुढ्यात सरकवला. "तुझा तूच तासायचा."

मी नुकतीच विहिरीच्या पाण्यातून पायरीवर आले होते. नाकातोंडात पाणी, कासोटा ओलाचिंब, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पाठीला कासऱ्यानं बांधलेला पांगाऱ्याचा बिंडा, म्हणजे चांगला मांडीएवढा जाड ओंडका, अजून तसाच होता. पांगाऱ्याचं लाकूड कापसागत हलकं. ते पाठीशी असलं की बुडू म्हटलं तरी माणूस बुडत नाही. त्याच्या जिवावर मी त्या दिवशी पहिल्यांदा पायरी सोडून पाण्यात दोन हात मारून आले होते, आणि स्वतःवर भलतीच खूश होते.

"आता कशाला? संध्याकाळी घरी तासते की," मी म्हणाले.

"घरी न्हाई. हितंच. वल्ल्या अंगानं." आत्याबाईंनी हातातला बांबू पायरीवर आपटला. "अंग वल्लं हाय तवर धीर असतो. वाळलं की माणूस शाणं व्हतं."

मी कोयता उचलला. ज्याच्या आधारानं जीव वाचला होता त्याचीच ढलपी काढायची, हे काही सोपं काम नव्हतं. पण सासू समोर बसली होती आणि मी तर गावासमोर शब्द देऊन बसले होते.

तो शब्द असा गेला. आमचं गाव धरणाच्या पाण्याच्या अलीकडच्या काठाला. शाळा चौथीपर्यंत गावात, पुढची पलीकडच्या काठाला निवळीत. पोरं होडीतून जायची. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला काठापासून थोड्या अंतरावर होडी कलंडली. मुलगे सगळे हात मारत काठाला लागले, कारण आमच्याकडचा मुलगा दाताबरोबर पोहणं शिकतो. पोरींना मात्र नावाड्यानं आणि थोरल्या मुलांनी केसाला धरून ओढून काढलं. कुणी गेलं नाही, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून गावानं पोरींची होडी बंद केली. माझी शकू तेव्हा सातवीत होती. वर्गात पहिली यायची. तिचं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच.

मी कितीदा तरी म्हणाले, पोरींना पोहायला शिकवा ना. पण शिकवायचं कुणी? पुरुषांनी पोरींना शिकवणं कुणाला पटणार नव्हतं, आणि बायकांना येत नव्हतं. होळीनंतर देवळासमोर बैठक झाली तेव्हा मी पुन्हा विषय काढला. गावाचा कारभार बघणारे दौलतआबा मिशीतल्या मिशीत हसले. ते माणूस वाईट नव्हते, पण त्यांना आपल्या बोलण्याला माणसं हसलेली फार आवडत.

"अनुसया, गावातली एक तरी बाई बिंड्याशिवाय हिर पार करून दाखवू दे. त्या दिशी समद्या पोरी होडीत. माझी नातसुदीक."

सगळे हसले. आणि मी म्हणाले, "मी दाखवते. शाळा उघडायच्या आत."

हसणं आणखी वाढलं. शकूच्या वडिलांनी मान खाली घातली. मला स्वतःलाच कळेना की हे कोण बोललं, कारण धुणं धुतानाही मी गुडघाभर पाण्याच्या पुढं पाऊल टाकत नसे. पण एकदा शब्द गेला की गेला. थुंकी गिळता येते, शब्द गिळता येत नाही.

घरी आल्यावर आत्याबाई चुलीपुढं बसल्या. भाकरी थापत राहिल्या. जेवणं उरकल्यावर मला म्हणाल्या, "माजं म्हायेर किष्णेकाठचं. पालथी घागर छातीखाली घेऊन मी पुरात पवायची."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लग्न होऊन आले त्याला इतकी वर्षं झाली होती, त्यांना पाण्यात पाय बुडवताना मी कधी पाहिलं नव्हतं. मळ्यातल्या विहिरीवरसुद्धा त्या जात नसत. पाणी आणायचं ते मी किंवा शकू.

"मग इतक्या दिवसांत कधी..."

"उद्या दुपारी हिरीवर ये," एवढंच बोलून त्या उठल्या.

आमची विहीर पायऱ्यांची, काळ्या दगडात बांधलेली. दुपारी पुरुषमाणसं झाडाखाली आडवी झाली की आम्ही दोघी जायचो. आत्याबाई वरच्या एका पायरीवर भिंतीला पाठ लावून बसायच्या, हातात लांब बांबू. पाण्यात त्या उतरत नसत. "माजं वय झालं," म्हणायच्या. तिथूनच त्यांचं शिकवणं चालायचं. "पाय झाड! कुत्र्यागत! हात आपटू नगं, पाणी मागं सार! त्वांड मिट, पाणी प्यायला आलीस का पवायला?"

मी दमले की त्या बांबू पुढे करायच्या. मी तो धरून पायरीला लागायची. मग ओल्या अंगानं कोयता घ्यायचा आणि बिंड्याची एक ढलपी काढायची. किती काढायची ते त्या सांगत नसत. "तुला झेपंल तेवढी. पण रिकाम्या हातानं घरी जायाचं न्हाई."

एक सांगते. पोहणं अवघड होतं, ढलपी काढणं त्याहून अवघड होतं, पण सगळ्यांत अवघड होतं दुपारी घरातून निघणं. जेवणं झाली की मला जगातली सगळी कामं आठवायची. कुरडयांचा चीक गाळायचा राहिलाय. शेणी थापायच्यात. माळ्यावरची भांडी आजवर कुणी घासली नाहीत, ती आजच घासली पाहिजेत. त्या उन्हाळ्यात माझं घर इतकं लखलखीत झालं की शेजारणी म्हणायला लागल्या, अनुसयेकडं पाव्हणं येणार आहेत काय!

आत्याबाई एकदाही 'चल' म्हणाल्या नाहीत. बांबू घेऊन त्या निघून जायच्या. त्यांचं ते न बोलता जाणंच मला जास्त टोचायचं. भांडं अर्धं घासलेलं तसंच टाकून मी मागून पळायची.

एकदा मी शहाणपणा केला. ढलप्या सगळ्या एकाच बाजूनं काढत गेले, कारण ती बाजू हाताला सोपी यायची. दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले तर बिंडा एका अंगाला कलला आणि मी विहिरीत गोल गोल फिरायला लागले, घाण्याच्या बैलासारखी. सरळ जायला बघावं तर पुन्हा त्याच भिंतीशी. आत्याबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली नांदले, पण तसं हसताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

"सोपं सोपं तासलंस तर आसंच व्हनार," त्या म्हणाल्या. "अवघड बाजू पयली."

मग मी अवघड बाजू आधी तासायला लागले. बिंडा मांडीएवढा होता तो दंडाएवढा झाला. उन्हाळा चढला तसं विहिरीचं पाणी खाली गेलं, आणि आत्याबाईंची बसायची पायरीही खाली आली. मी मनात म्हटलं, बांबू पोचायला पाहिजे ना.

आणि मग तो दिवस आला. मी विहिरीच्या बरोबर मध्यावर होते आणि कासऱ्याची गाठ सुटली. बिंडा पाठीवरून निसटला. तो गेला हे कळलं तेवढंच, पुढे सगळं हिरवंकाळं पाणी. मी हातपाय मारत होते की नव्हते, मला आठवत नाही. कानात एक किंकाळी आली. "गोदे!"

पाठीला काहीतरी टोचलं. बांबू होता. मी तो धरला. पायरीवर ओढून घेतलं तेव्हा आत्याबाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. मला वाटलं, त्या चिडल्यात. गोदा कोण, हे विचारायचं भान मला नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी कुणाचंही नाव येतं.

त्या दिवशी ढलपी काढली नाही. ओल्या अंगानं घरी आले, अंग वाळलं आणि मी शहाणी झाले.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आत्याबाई मात्र जायच्या. बांबू घ्यायच्या, जायच्या, बऱ्याच वेळानं परत यायच्या. एकट्या तिथं बसून काय करतात, देव जाणे. मला त्यांचा रागही यायचा. म्हटलं, दाखवतात मला, तुझ्यावाचून अडत नाही म्हणून.

मग एका दुपारी माझ्या जावेची बहीण आली. चहा झाला, इकडचंतिकडचं झालं आणि ती मुद्द्यावर आली. तिच्या दिराचा मुलगा होता, बागायत होती, घर चांगलं होतं.

"न्हाईतरी आता शकू घरीच हाय की," ती म्हणाली.

मी शकूच्या वडिलांकडे पाहिलं. मला वाटलं, ते उडवून लावतील. पण त्यांनी सुपारी कातरता कातरता म्हटलं, "बगायला काय जातंय? पोरगी घरी बसून तरी काय करणार?"

शकू दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं खुंटीवरच्या दप्तराकडे पाहिलं आणि पाण्याची घागर उचलून बाहेर गेली. तेरा वर्षांची पोर, पण जाताना तिची चाल मला चाळीस वर्षांच्या बाईची वाटली.

माझ्या पुढ्यात कुरडयांचा चीक होता, सोऱ्या भरलेला. मी तो तसाच टाकला. पाव्हणीनं विचारलं, "कुठं निघालीस?" मी म्हणाले, "पवायला."

आत्याबाई पायरीवरच होत्या. मला पाहून त्यांनी सरकून बसायला जागा केली. बिंडा त्यांनी बांबूनं पाण्यातून काढून वाळत ठेवला होता, कासरा नवा आणला होता. त्या दिवशी बाहेर आल्यावर मी एका बैठकीला तीन ढलप्या काढल्या. त्यांनी डोळे मोठे केले, पण "बास" म्हणाल्या नाहीत.

मृगाच्या आधी बिंडा मुठीएवढा उरला. असल्या तुकड्यानं कोंबडीसुद्धा तरली नसती. हे मला कळत होतं, पण तो पाठीला असला की मी पार जायची आणि काढायचा म्हटलं की पाय लाकडाचे व्हायचे. मी रोज त्याची नखाएवढी साल काढायची आणि स्वतःला म्हणायची, आज काढली की नाही!

शाळा उघडायला आठवडा उरला तेव्हा आत्याबाईंनी स्वतःच देवळापुढं जाऊन सांगितलं, "उद्या दुपारी आमच्या हिरीवर या." मला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव मळ्यात. दौलतआबा फेटा बांधून आलेले. आता पंचाईत अशी, की बाई ओल्या लुगड्यानं पाण्यातून येणार आणि भोवती पुरुष उभे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"बाप्यांनी हिरीकडं पाठ करून हुबं ऱ्हायाचं," आत्याबाई म्हणाल्या.

"मग आमाला दिसणार कसं?" दौलतआबा.

"बाया हायेत की बगायला. तुजी बायकू सांगंल. तिच्यावर इस्वास न्हाई का तुजा?"

आधी दौलतआबा वळले. सगळे पुरुष विहिरीकडे पाठ करून आंब्याकडे तोंड करून ओळीनं उभे राहिले. त्यांची बायको सरूकाकी पदर खोचून काठावर पुढे आली.

मी पायऱ्या उतरले. आत्याबाई माझ्याबरोबर आल्या. त्या दिवशी त्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभ्या राहिल्या, पायाची बोटं पाण्याला लागतील इतक्या जवळ. मी पाठीवरचा तुकडा सोडून हातात घेतला. नुसता ठेवून द्यायचा आणि उडी मारायची, एवढंच तर होतं. पण माझा हात तो तुकडा सोडेना. वरून बायका बघत होत्या. शकू बघत होती. माझं अंग कोरडं खडखडीत होतं आणि डोक्यात शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. दोन महिन्यांत कुठली बाई पोहायला शिकते? बुडालीस तर शकूचं काय? आज नको म्हण, पुढच्या उन्हाळ्यात बघू.

"काय झालं?" वरून दौलतआबांचा आवाज आला.

"गप ऱ्हावा," सरूकाकी म्हणाली. "तिकडं आंबं मोजा."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या कोरड्या लुगड्याकडे बघत होत्या. आणि मला एकदम आठवलं. मी पायरी धरली, डोळे मिटले आणि डोकं बुडेपर्यंत पाण्यात बुडी मारून वर आले. केसांतून, लुगड्यातून पाणी निथळत होतं. आता मी ओली होते. पायरीवरचा कोयता घेतला, तुकडा दगडावर ठेवला आणि मधोमध एकच घाव घातला. दोन्ही फोडी पाण्यात भिरकावल्या. आणि त्यांच्या मागोमाग मी.

पाठ इतकी हलकी लागत होती की मला वाटलं, मी उघडी पडलेय. पाय झाडले. पाणी मागं सारलं. तोंड मिटलं. वरून सरूकाकीचा आवाज येत होता, देवळातल्या घंटेसारखा ठणठणीत. "निगाली! बिंडा न्हाई पाठीला, माज्या डोळ्यांनी बगतीया! मधी आली! ...गेली की ओ!"

माझा हात पलीकडच्या दगडाला लागला. थंड, शेवाळलेला दगड. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींना हात लावला असेल, पण तसा हात मी कशालाच लावला नाही. तिथं थांबता आलं असतं. शर्त पुरी झाली होती. पण मी वळले आणि परत निघाले, कारण आता मला कोण थांबवणार होतं!

निम्म्यावर आले आणि समोर पाहिलं, तर पायरीवर आत्याबाई नव्हत्या.

त्या पाण्यात होत्या. गळ्यापर्यंत. पांढरे केस सुटून पसरलेले. त्या माझ्याकडे येत होत्या, पाण्याचा आवाज न करता, जशी एखादी म्हैस शांतपणे डोह ओलांडते. त्यांच्या पोहण्यापुढे माझं पोहणं म्हणजे कुत्र्याचीच धडपड होती. आम्ही दोघी मिळून पायरीला लागलो. तिथं बसून त्या धापा टाकत होत्या आणि हसत होत्या आणि रडतही होत्या.

"वल्ली हाय तवर सांगते," त्यांनी माझं मनगट धरलं. "वाळल्यावर सांगायची न्हाई. गोदा माजी थोरली लेक. तुज्या शकूएवडी. ह्याच पायरीवरनं घसारली. मी रानात हुते. किष्णेच्या पुरात पवणारी बाई मी, आन् माज्या लेकीला पाय मारायला शिकवलं न्हाई. का, तर ह्या गावातल्या बाया पाण्यात उतरत न्हाईत."

मला लग्नात एवढंच सांगितलं होतं की शकूच्या वडिलांची एक बहीण लहानपणी गेली. कशानं गेली, ते ना कुणी सांगितलं, ना मी विचारलं.

"तवापासनं मी ह्या हिरीचं त्वांड बघितलं न्हवतं. तुज्यासंगं पयल्या दिशी आले, तवा वरच्या पायरीवर बसूनच घाम फुटला. म्हणलं, रोज येक पायरी. येकच."

तेव्हा मला उमगलं. पाणी खाली जात होतं म्हणून त्या खाली येत नव्हत्या. मी घरी कुरडया घालत बसले होते त्या दुपारीही त्या इथं येऊन एक पायरी खाली सरकत होत्या. विहिरीवर एक नाही, दोन बिंडे तासले जात होते.

मी त्यांचे ओले पाय धरले.  काठावरून शकू ओरडत होती, "आई! आजी!" आणि बायका टाळ्या वाजवत होत्या. एवढा अभिमान मला पुढं कधी वाटला नाही, आणि तो माझ्यापेक्षा त्यांचा जास्त होता.

अंगावर कोरडी लुगडी गुंडाळून आम्ही वर आलो. आत्याबाई सरळ आंब्याच्या दिशेनं गेल्या.

"दौलत, फीर हिकडं."

दौलतआबा फिरले. त्यांनी आत्याबाईंच्या ओल्या केसांकडे पाहिलं. गावातले जुने माणूस ते. गोदेचं त्यांना माहीत होतं. त्यांच्या मिशीतलं हसू कुठच्या कुठं गेलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"जाऊन परत आली," सरूकाकी म्हणाली. "बिंड्याबिगर. आन् म्हातारीसुदीक."

दौलतआबांनी फेटा काढून काखेत धरला. "वैनी," ते म्हणाले, "माज्या नातीला कवा पाठवू?"

"उद्या दुपारी," आत्याबाई म्हणाल्या. "कोयता संगट दे."

जावेच्या बहिणीला शकूच्या वडिलांनीच जाऊन सांगितलं की पोरीला शाळेत जायचंय. ते काय बोलले, मी विचारलं नाही. पण परत येताना त्यांनी शकूसाठी नवी वही आणली होती.

आता माझे केस आत्याबाईंसारखे झालेत. शकू पलीकडच्या निवळीच्या शाळेत हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाली. पूल झाला, होडी गेली. पण उन्हाळ्यात आमच्या विहिरीवर दुपारी अजून पोरींचा कालवा असतो आणि पायरीवर बांबू घेऊन मी बसते. बिंडा मी कुणाचा तासत नाही.

आमच्या बांधावर पांगाऱ्याचं मोठं झाड होतं, वसंतात लालभडक फुलणारं. त्या पहिल्याच आठवड्यात गावातल्या पोरींनी बिंड्यांसाठी त्याला असं ओरबाडलं, की पाऊस लागला तेव्हा त्याला फांदी म्हणून शिल्लक राहिली नव्हती. आत्याबाई येताजाता त्या बोडक्या खोडावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "फुटंल परत."